तीनशे हातांचं तारू

नोहाचं तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद आणि तीस हात उंच होतं. मराठी बायबलात माप असंच दिलं आहे, हातांत. कॉलेजात असताना मी ते पहिल्यांदा वाचलं, तेव्हा जलप्रलयाच्या आधी त्या ‘हात’ शब्दापाशीच थबकले. इंदुरात, रामबागेतल्या आमच्या घरी आजी सगळं हातानंच मोजायची. गणपतीसाठी झेंडूची माळ ओवायची असली की दोरा कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ताणायचा, चिमटीत धरायचा, पुन्हा कोपराशी आणायचा. मखराला अकरा हात, दाराला सहा हात. मूळ हिब्रू मापही हेच आहे. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. म्हणजे ते तारू सुमारे १३५ मीटर लांब, साडेबावीस मीटर रुंद आणि साडेतेरा मीटर उंच झालं. चार मजली वाड्याएवढी उंची, आणि लांबी आमच्या अख्ख्या गल्लीएवढी.

हिंदी बायबलात मापं तीच, ‘हाथ’ही तोच, पण तारवाला तिथे ‘जहाज’ म्हटलं आहे. इंदूरच्या मराठी माणसाच्या तोंडात दोन्ही भाषा सकाळपासून रात्रीपर्यंत असतात, त्यामुळे असा फरक लगेच कानाला लागतो. जहाज म्हटलं की बंदर दिसतं, माल चढताना-उतरताना दिसतो. तारू म्हटलं की त्यात ‘तारणारा’ ऐकू येतो, भवसागर ऐकू येतो, पैलतीर दिसतो. भाषांतर करणाऱ्यानं एक शब्द निवडला आणि कुठल्या तरी दूरच्या डोंगराला टेकलेली नाव आपल्या संतांच्या घाटाला लागली. बायबलातल्या कथा कल्पनेच्या अंगानं कशा वाढतात, हे मला त्या दिवशी प्रथम दिसलं. तेव्हापासून मी हा विषय सोडलेला नाही.

मापाच्या बाबतीत इतकी चोख असलेली ही कथा माणसांच्या बाबतीत मात्र कमालीची अबोल आहे. ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचे सहा ते नऊ हे अध्याय काढून बघा. देव बोलतो, हुकूम देतो, पाऊस पडतो, डोंगर बुडतात, कावळा जातो, कबुतर येतं. नोहा एक शब्द बोलत नाही. तारू बांधताना नाही, दार बंद होताना नाही, पाणी ओसरल्यावर नाही. पूर संपून मळा लावून झाल्यावर तो पहिल्यांदा तोंड उघडतो, तेही नातवाला शाप देण्यासाठी. त्याच्या बायकोला तर नावही नाही. जग बुडत असताना आत बसलेल्या त्या बाईनं काय केलं असेल? बाहेरचे आवाज ऐकून तिला झोप लागली असेल का? शेजारणींची आठवण आली असेल का?

कथेतली ही रिकामी जागा हेच कल्पित साहित्याचं माहेर. मॅडलिन लेंगल या अमेरिकन लेखिकेनं १९८६ साली ‘मेनी वॉटर्स’ नावाची कादंबरी लिहिली. त्यात आजच्या काळातली जुळी भावंडं चुकून नोहाच्या वाळवंटात जाऊन पडतात. तिथे मांजराएवढे नाही, पण कुत्र्याएवढे बुटके मॅमथ आहेत, पंख असलेले देवदूत आहेत, माणसांच्या मुलींवर भाळलेले दुसरे दिव्य पुरुषही आहेत. हे शेवटचे लोक लेखिकेनं पदरचे घातलेले नाहीत. ‘उत्पत्ती’च्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी अवघ्या चार ओळींत ‘देवपुत्र’ माणसांच्या मुलींशी लग्नं करतात आणि पृथ्वीवर ‘नेफिलीम’ नावाचे महाबली पुरुष होते असं सांगितलेलं आहे. चार ओळी, मग कथा पुढे निघून जाते.

त्या चार ओळींवर लोकांनी दोन हजार वर्षांहून अधिक काळ लिहिलं आहे. बहुतांशी ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत रचला गेलेला ‘हनोखाचा ग्रंथ’ त्यातला सर्वांत विलक्षण. बायबलात हनोख ३६५ वर्षं जगतो आणि मग देव त्याला नेतो, एवढंच. हा ग्रंथ त्या ‘नेतो’चा पत्ता लावतो: हनोख स्वर्गाची दालनं बघतो, वाऱ्यांची कोठारं बघतो, पृथ्वीवर उतरलेल्या बंडखोर देवदूतांची शिक्षा बघतो. त्यांतला अझाझेल माणसांना तलवारी घडवायला आणि बायकांना डोळ्यांत काजळ घालायला शिकवतो. हा ग्रंथ पुढे बहुतेक ठिकाणांहून नाहीसा झाला, फक्त इथिओपियाच्या चर्चनं तो गीझ भाषेत पूर्ण जपला. विसाव्या शतकाच्या मध्याला मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत त्याचे अरामी तुकडे मिळाले. आज कल्पनारम्य कादंबऱ्यांत आणि खेळांत जे पतित देवदूत भेटतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं मूळ गाव हाच ग्रंथ.

ज्यू धर्मगुरूंनी या रिकाम्या जागा भरण्याची रीतसर विद्याच तयार केली. तिला ते ‘मिद्राश’ म्हणतात. अब्राहाम लहानपणी बापाच्या दुकानातल्या मूर्ती फोडतो आणि म्हणतो, मोठ्या मूर्तीनंच लहान मूर्तींना मारलं. मग राजा निम्रोद त्याला धगधगत्या भट्टीत टाकतो आणि तो न होरपळता बाहेर येतो. ही गोष्ट जगभर सांगितली जाते, पण ती बायबलात नाही, मिद्राशात आहे. आपल्याकडच्या माणसाला ती ऐकताना प्रल्हाद आठवल्याशिवाय राहत नाही. तसंच टोपलीत घालून नदीत सोडलेल्या मोशेची कथा ऐकताना कर्ण आठवतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बायबल ही कोट्यवधी लोकांच्या श्रद्धेची पोथी आहे, आणि मी कल्पित म्हणते ते त्या पोथीला नाही. पोथी जिथे थांबते तिथून पुढे ज्यानं आपल्या मनानं वाट काढली, त्याच्या कामाला मी कल्पित म्हणते. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. महाभारतावर श्रद्धा ठेवून आपण खांडेकरांची ‘ययाति’ वाचली आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ही वाचली. व्यासांनी कर्णाला दिलेली जागा सावंतांनी १९६७ साली आतून उघडली. थॉमस मान यांच्या योसेफावरच्या चार कादंबऱ्या १९३३ ते १९४३ या काळात, ते स्वतःच्या देशातून परागंदा असताना, प्रसिद्ध झाल्या. त्यांचं कामही याच जातीचं. मूळ कथा बायबलात जेमतेम चौदा अध्यायांची.

मग मराठीत बायबलावरचं असं कल्पित लेखन कधी सुरू झालं? कादंबरी इथे यायच्या कितीतरी आधी. आणि ते लिहिलं एका इंग्रजानं.

थॉमस स्टीफन्स हा विल्टशर परगण्यातला तरुण येशूसंघी पाद्री. १५७९ च्या एप्रिलमध्ये तो लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोचला. पोचल्यावर काही दिवसांतच त्यानं बापाला पाठवलेलं, समुद्रप्रवासाचं वर्णन असलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. इथे आल्यावर त्याचं नाव पाद्री एस्तेव्हांव झालं आणि पुढची चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मरेपर्यंत, तो बहुतेक काळ गोव्यातल्या साष्टी भागात राहिला.

साष्टीतले ते दिवस वाईट होते. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय आलं होतं. १५६७ मध्ये साष्टीतली शेकडो देवळं पाडली गेली होती. पोथ्या जप्त होत होत्या, जाळल्या जात होत्या. धर्मांतर झालेल्या माणसांचा देव बदलला होता, पण संध्याकाळी दिवा लावून पुराण ऐकायची सवय कुठे जाणार? ती पिढ्यान्‌पिढ्यांची. बायबलाची कथा ओव्यांत सांगणाऱ्या आपल्या ‘क्रिस्तपुराणा’त स्टीफन्सनं हा प्रसंगच घातला आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही वाचू देत नाही, मग त्यांच्यासारखी दुसरी आम्हाला का करून देत नाही? माझ्या मते अख्ख्या ग्रंथाचं बी या प्रश्नात आहे. पाद्रीबाबांनी पुराण लादलं नाही. ज्यांच्याकडून पुराणं हिरावली गेली होती त्यांनी ते मागितलं. ही मागणी वाचताना मला दर वेळी पोटात तुटतं. आणि ती मागणी ऐकून घेणाऱ्याबद्दल आदरही वाटतो, जरी ज्या सत्तेनं पोथ्या हिरावल्या तिच्याच आश्रयाला तो होता.

ग्रंथ १६१६ साली राशोलच्या छापखान्यात छापला गेला. एकूण ९५ ‘अवस्वर’ म्हणजे अध्याय आणि सुमारे ११,००० ओव्या. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज करावा. पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचं बंड आणि लुसिफराचं पतन, आदाम-एवा, नोहा, अब्राहाम, मोशे. दुसऱ्यात येशूचं चरित्र. आरंभी मंगलाचरण, मग श्रोते प्रश्न विचारतात आणि पाद्री गुरू उत्तर देतात, थेट परीक्षितीनं विचारावं आणि शुकानं सांगावं तसं. स्वर्गाला शब्द वापरला आहे वैकुंठ. छंद ओवीचा, तीन चरण यमकानं बांधलेले आणि चौथा आखूड सोडलेला. एकनाथांनी भागवत पुरं केलं १५७३ मध्ये, त्यानंतर सहाच वर्षांनी स्टीफन्स गोव्याला उतरला. त्याच्या ओवीला जो वळसा आहे तो व्याकरण शिकून येणारा नाही, ऐकून ऐकूनच येतो.

मराठीची स्तुती करताना तो रत्न, नीलमणी, मोगरा, कस्तुरी, मोर अशा उपमांची रांग लावतो. तो उतारा शाळेच्या पुस्तकांमुळे पुष्कळांना ठाऊक आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यानं कथेत केलेलं काम. यहूदी देशातली कथा सांगायची, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साष्टी असते: भातशेत, माड, तळं, वाजंत्री. अशा वेळी सांगणाऱ्याला प्रत्येक पावलाला ठरवावं लागतं, इथे परका शब्द ठेवू की घरचा? स्टीफन्स नावं परकी ठेवतो आणि त्यांच्याभोवतीचं जग घरचं करतो. आजचे कल्पनारम्य कथा लिहिणारे लेखक जगाची बांधणी म्हणतात ती हीच.

मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ छापलं गेलं १६६७ मध्ये. लुसिफराचं बंड आणि आदाम-एवेचं पतन इंग्रजीत एवढ्या मोठ्या महाकाव्यात येण्याच्या ५१ वर्षं आधी ते मराठी ओव्यांत छापून झालं होतं. दोन्ही कवी इंग्लंडात जन्मलेले, पण एकाची काव्यभाषा मराठी झाली. मिल्टनबद्दल आपल्याकडची कॉलेजची मुलं परीक्षेत पानंच्या पानं लिहितात. स्टीफन्सचं नाव निघतं ते फक्त मराठीच्या स्तुतीपुरतं. हे मला नेहमी सलत आलं आहे.

पुस्तक मराठी, पण लिपी रोमन. स्टीफन्सला नागरी टाइप हवे होते. १६०८ मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात त्यानं अडचण सांगितली आहे: युरोपीय लिपीला २४ साचे पुरतात, इथल्या जोडाक्षरांना आणि काना-मात्रांना सुमारे ६०० लागतील. ते साचे झाले नाहीत. पुस्तक १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं, आणि आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत हाती नाही. १६८४ च्या जूनमध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. ग्रंथ टिकला तो माणसांच्या वह्यांत. घराघरांतून हातानं नकलून घेतलेल्या पोथ्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला. पुढे लंडनमध्ये त्याची एक नागरी हस्तलिखित प्रत सापडली, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा कुठे सामान्य मराठी वाचकाला तो वाचता आला. छापल्यापासून ३४० वर्षांनी.

आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात रामायण-महाभारतातल्या कथांची रोमन लिपीतली कोकणी आणि मराठी हस्तलिखितं आहेत. गोव्यातल्या येशूसंघीयांनी भाषा शिकण्यासाठी ती उतरवून घेतली होती. एका हातानं जाळलं आणि दुसऱ्या हातानं जपलं. कोकणी गद्याचा सर्वांत जुना साठा त्यामुळेच वाचला.

स्टीफन्सनंतर तीनशे वर्षांनी दुसरी मोठी झेप घेतली गेली ती एका नवरा-बायकोकडून. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. येशूचं चरित्र मराठी महाकाव्यात सांगायचं म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं. नावातच रामायणाशी नातं जोडलेलं आहे. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा दहा-अकरा अध्यायच झाले होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्यानं अक्षरओळख करून दिली, त्याचं धर्मांतर झाल्यावर जिनं वर्षानुवर्षं विरह आणि सोवळं दोन्ही सोसलं, तिनंच त्याचं अपुरं महाकाव्य पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’ हे तिचं आत्मचरित्र आपण सारे वाचतो. ‘ख्रिस्तायन’ ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात असतं. त्यात ‘स्मृतिचित्रे’ची खेळकर झळाळी नाही हे खरं. पण मार्था-मरियेच्या घरातला स्वयंपाक, विहिरीवर आलेली शोमरोनी बाई, अशा प्रसंगांपाशी आलं की मला वाटतं, ही कथा सांगायला चूल फुंकलेली बाईच हवी होती.

आणि आता मी त्या लोकांकडे येते ज्यांच्यासाठी मुळात हा लेख लिहायला बसले. मराठी ज्यांची घरची भाषा आणि हिब्रू बायबल ज्यांची घरची पोथी, ते बेने इस्रायली.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांच्यापासून आमचा वंश चालला, ही त्यांची परंपरागत कथा. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बैल सोडून देत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर. नाव मोशे किंवा रिबेका, आडनाव कोकणातलं, आणि घरात बोलायचं मराठी.

या लोकांनी बायबलातला एक अख्खा प्रसंग आपल्या गावात आणून ठेवला. ‘राजे’ या पुस्तकात अग्निरथ येतो आणि एलिया संदेष्टा वावटळीत स्वर्गाला जातो. तिथे ते घडतं यार्देन नदीपलीकडे. बेने इस्रायली म्हणतात, एलियाहू हन्नबी, म्हणजे हाच एलिया संदेष्टा, आमच्याकडेही आला होता. जहाज फुटल्यावर किनाऱ्यावर बेशुद्ध पडलेल्या पूर्वजांना त्यानंच उठवलं. पुढे पुन्हा एकदा तो आला आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावातून, लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे, रथासकट आकाशात गेला. तिथल्या कातळावर रथाच्या चाकांचे चर आणि घोड्याच्या टापेची खूण दाखवतात. रामाच्या पावलाची खूण, भीमाची चूल, पांडवांची लेणी ज्या भूमीत जागोजाग आहेत, तिथे आपल्या संदेष्ट्याची खूणही असलीच पाहिजे, असं या लोकांना वाटलं असेल. पोथीतली वावटळ कोकणातल्या कातळावर उतरवायला मोठी कल्पनाशक्ती लागते, आणि त्याहून मोठी माया लागते.

त्याच एलियाहू हन्नबीच्या नावानं ते मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर फळं, आणि हिब्रू प्रार्थना. नवस फेडायचा असला, लग्न असलं, नवं घर घेतलं की मलिदा. मी इंदूरची, पोह्यांवर वाढलेली. सकाळी वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जिरावण, ही आमची ओळख. त्याच पोह्यांना कोकणातल्या एका ज्यू समाजानं संदेष्ट्याचा नैवेद्य केलं, हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन पोह्यांच्या डब्याकडे जरा वेळ बघत उभी राहिले.

बेने इस्रायलींचं मला सर्वांत भावतं ते कीर्तन. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांच्यातल्या काहींनी मराठी कीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात आपल्या कथा भरल्या. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर राणी. साकी, दिंडी, ओवी, मध्ये निरूपण, मध्ये हिब्रू वचन.

कीर्तनाच्या साच्यात ही कथा कशी बसली असेल ते मी समजू शकते, कारण इंदुरातल्या उत्सवांत मी लहानपणापासून कीर्तनं ऐकली आहेत. बुवा उभे राहतात, झांज एकदा वाजते, नमन होतं, पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचा अर्थ उलगडतात. मग मध्यंतरी बुक्का लावतात, हार घालतात. आणि उत्तररंगात आख्यान. आख्यान सांगताना बुवा पोथीत नसलेलं किती बोलतात! सीतेला वनात सोडून परतताना लक्ष्मणाच्या मनात काय आलं, रथाचे घोडे कसे अडखळले, सुमंत्रानं मान कशी फिरवली. ऐकणाऱ्या बायांच्या डोळ्यांना पदर लागतो तो मूळ श्लोकानं नव्हे, या भरलेल्या जागांनी. कोणी उठून विचारत नाही, बुवा, हे वाल्मीकींनी लिहिलंय का? सगळ्यांना ठाऊक असतं की पोथी खरी आहे आणि बुवांचं बोलणंही त्या पोथीचीच सेवा आहे.

आता त्याच साच्यात योसेफ घाला. भावांनी त्याला विहिरीत टाकलं. बायबल एवढंच सांगतं की खड्डा रिकामा होता, त्यात पाणी नव्हतं. आणि लगेच पुढची ओळ: मग ते भाकर खायला बसले. कीर्तनकाराला याहून अधिक काय हवं? वर भाऊ भाकर मोडताहेत आणि खाली सतरा वर्षांचा पोर हाका मारतो आहे. त्या हाका ‘उत्पत्ती’च्या त्या अध्यायात नाहीत. पुष्कळ पुढे, पाच अध्याय उलटल्यावर, भाऊच एकमेकांना म्हणतात की तो विनवण्या करत होता आणि आपण ऐकलं नाही. मूळ लेखकानंही किती काळ दाबून ठेवलेली ही हाक आहे! मिद्राशकारांनी ती ऐकली, मान यांनी ऐकली, आणि मुंबईतल्या एखाद्या सभागृहात टाळ धरून उभ्या असलेल्या बेने इस्रायली कीर्तनकारानं दिंडीच्या चालीवर ती म्हटली असणार.

इंग्लंडातही बायबलाच्या प्रेरणेनं असं लेखन झालं. सी. एस. लुइस यांनी १९५० ते १९५६ या काळात नार्नियाची सात पुस्तकं प्रसिद्ध केली, त्यात सिंह मरतो आणि पुन्हा उठतो. टोल्किन यांच्या मरणानंतर १९७७ मध्ये आलेल्या ‘सिल्मरिलियन’मध्ये जग गाण्यातून निर्माण होतं आणि एक बंडखोर त्या गाण्यात बेसूर मिसळतो. ही पुस्तकं आज इंदुरातही पुस्तकांच्या दुकानांत मिळतात, मुलं ती आवडीनं वाचतात, वाचावीतच. पण नववी-दहावीतल्या मराठी मुलांशी बोलताना मला दिसतं, त्यांना वाटतं हा सगळा खेळ परदेशातला आहे आणि आपण तिथे पाहुणे आहोत. माझ्या शेजारच्या एका मुलीला मी क्रिस्तपुराणातली लुसिफराची कथा सोप्या मराठीत सांगितली. तिनं विचारलं, हे आधी इंग्रजीत होतं ना? मी म्हटलं, नाही, हे ओव्यांत होतं. तिला ते खरं वाटायला वेळ लागला. मग तिनं ओवी म्हणजे काय ते विचारलं आणि मी जात्यावरची एक म्हणून दाखवली.

इंदुरात १८७७ मध्ये कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन आलं आणि १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघालं. मिशनचं काम मुख्यतः हिंदीत चाललं, म्हणून माळव्यात स्टीफन्स किंवा टिळकांसारखं कोणी झालं नाही. पण होळकरांच्या या शहरात कीर्तन आहे, पोथी आहे, पारायण आहे, आणि दोन भाषांत एकाच वेळी कथा ऐकणारा कान आहे. असं काही लिहायचं मनात असलेल्या तरुणांना मी सांगत असते की साचा उसना आणायची गरज नाही. नोहाची बायको अजून निनावी आहे. तिला मराठीत बोलू द्या.

बेने इस्रायलींपैकी बहुतेक जण १९४८ नंतर इस्रायलला गेले. भारतात आता काही हजारच राहिले आहेत. तिकडेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. १८७४ मध्ये पुण्यात छापलेली त्यांची एक हग्गादा आहे, वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठी मजकुराची. मिसर देशातून सुटका झाली त्या रात्री पीठ फुगायलाही वेळ नव्हता, म्हणून बिनखमिराची भाकर. त्या भाकरीच्या तयारीचं चित्र त्यात आहे. मोशेच्या काळातली ती घाईची रात्र, आणि चित्रातल्या बायका लुगडं नेसून जमिनीवर मांडी घालून बसल्या आहेत. पुढ्यात परात आहे, आणि एकीचे दोन्ही हात पिठात आहेत.